ई-मेलने येणारा विषाणू आणि आपले दप्तर

मे २०१६ मध्ये मुंबईच्या मंत्रालयात महसूल आणि सार्वजनिक बांधकाम या विभागांतील सुमारे १५० संगणकांना ‘लॉकी’ नावाच्या विषाणूची बाधा झाल्याचे वर्तमान वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. हा विषाणू त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत प्रथम उघडकीस आला होता, आणि त्याचा संचार मुख्यत्वे ई-मेलने होत असे. एखाद्या बिलाच्या नावाने वर्डची फाइल जोडून येई. ती उघडली असता पडद्यावर अर्थहीन अक्षरांची नुसती गर्दी दिसे, आणि वर एक सूचना असे की मजकूर नीट वाचता येत नसल्यास ‘मॅक्रो’ चालू करावा. बिल वाचण्याच्या उत्सुकतेने वाचणाऱ्याने ती सूचना पाळली, की तो मॅक्रो, म्हणजे फाइलच्या पोटात दडवलेली आज्ञावली, दूरच्या सर्व्हरवरून खरा विषाणू उतरवून घेई. आणि मग संगणकावरील पत्रे, तक्ते, छायाचित्रे, एवढेच काय पण कार्यालयाच्या नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमधील दस्तऐवजही, एकामागून एक कुलूपबंद होत जात. ते उघडण्याच्या किल्लीसाठी अर्ध्या ते एका बिटकॉइनची खंडणी मागितली जाई.

या हकिकतीतील एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. नुसता ई-मेल येऊन पडल्याने लॉकीला काहीच करता येत नव्हते. जोडलेली फाइल उघडण्यास एकदा आणि मॅक्रोला परवानगी देण्यास दुसऱ्यांदा, असा दोन वेळा त्याला वाचणाऱ्याच्या बोटाचा आधार लागे. ई-मेलने पसरणाऱ्या बहुतेक विषाणूंची गत आजही हीच आहे. आणि म्हणून त्यांच्यापासून संरक्षणाचा विचार करताना महागडी यंत्रे आणि अवघड परिभाषा यांच्या आधी, पत्र वाचणाऱ्याच्या सवयींचा विचार करणे प्राप्त आहे.

मुंबईच्या मंत्रालयातील हे उदाहरण धामणगाव रेल्वेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे प्रयोजन असे, की आपल्या गावाचा व्यवहार आता संगणकावाचून चालत नाही. कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून गाठींची बिले आणि दरपत्रके परप्रांतीच्या सूतगिरण्यांकडे ई-मेलने जातात, ई-वे बिले निघतात, बाजार समितीतील अडत्यांचे हिशेब कर सल्लागारांकडे फाइल होऊन पोहोचतात, पतसंस्थांची खातेवही संगणकात असते, आणि शेतकऱ्याचा पीकविमा, विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज व उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्राच्या एका संगणकावरून सरकारदरबारी रुजू होतो. मंत्रालयाच्या पाठीशी तज्ज्ञ मंडळी तरी होती. आपल्याकडे एकच संगणक, एकच परिचालक आणि तोच सर्वांचा तारणहार अशी स्थिती असताना, तो संगणक बंद पडल्यास हंगामाचा हंगाम वाया जाण्याचा संभव असतो.

विषाणू पूर्वी ई-मेलने येत नसत. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी तयार केलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरे. पुढे २६ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत ‘मेलिसा’ प्रकटला. वर्डच्या फाइलमधून तो आऊटलूक या ई-मेल कार्यक्रमात शिरे आणि तेथील पत्तेवहीतील पहिल्या ५० जणांना स्वतःच्या प्रती रवाना करी. त्यानंतर ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या प्रेमपत्राच्या नावाच्या विषाणूने तर एका दिवसात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या जोडपत्राचे नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असे होते. परंतु विंडोज ही प्रणाली फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबापुढची अक्षरे लपवून ठेवीत असल्यामुळे, वाचणाऱ्याला शेवट ‘टीएक्सटी’ असाच दिसे आणि ही साधी मजकुराची फाइल आहे असे त्याला वाटे. शिवाय ते पत्र मित्राच्या, वरिष्ठाच्या, आप्ताच्या नावाने येई. परक्याच्या पत्राविषयी जो सावधपणा मनुष्य बाळगतो, तो ओळखीच्या नावापुढे गळून पडतो, हे मर्म विषाणू रचणाऱ्यांनी तेव्हाच हेरले, आणि पुढील पंचवीस वर्षांत त्यांनी त्यालाच धार लावली.

विंडोजची ती खोड आजही कायम आहे, आणि ती मोडणे प्रत्येकाच्या हाती आहे. फाइल एक्स्प्लोररमधील ‘व्ह्यू’ या सदरात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ या चौकटीत खूण केली, की प्रत्येक फाइलचे पूर्ण नाव दिसू लागते. आणि मग ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशा नावाची फाइल पीडीएफचे चित्र मिरवीत आली, तरी ती बिल नसून कार्यक्रम आहे हे उघड होते. ज्या फाइलचा शेवट ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बॅट, एलएनके किंवा आयएसओ असा असेल, ती ई-मेलने आली असता उघडण्याचे कारण सामान्य व्यवहारात कधीच पडत नाही. वर्ड वा एक्सेलच्या फाइलीचा शेवट ‘एम’ या अक्षराने, म्हणजे डॉकएम वा एक्सएलएसएम असा असेल, तर तीत मॅक्रो आहे असे समजावे. पीडीएफ त्या मानाने निरुपद्रवी. तथापि आत नुसते ‘दस्तऐवज पाहण्यासाठी येथे दाबा’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती पीडीएफ म्हणजे दुसरीकडे नेणारी वाट आहे हे ओळखावे.

आता गावातील सेवा केंद्राचे किंवा झेरॉक्सच्या दुकानाचे उदाहरण जरा जवळून पाहू. कारण माझ्या मते ई-मेलच्या विषाणूला आपल्याकडील सर्वांत मोकळे द्वार ते आहे. काउंटरवर केंद्राचा ई-मेल पत्ता मोठ्या अक्षरांत चिकटवलेला असतो. प्रवेशाच्या दिवसांत रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते. ‘भाऊ, मेल टाकला, पाहा बरं,’ असे कोणी म्हणते, आणि परिचालक मान वर न करता सगळ्यांत वरचा ई-मेल उघडतो, जोडलेली फाइल उतरवून घेतो, दोनदा दाबतो आणि छापून देतो. तो ई-मेल समोरच्या मुलाचाच आहे किंवा कसे, हे पाहण्यास त्याला सवड नसते. अनोळखी माणसांची जोडपत्रे दिवसभर उघडणे हाच ज्याचा धंदा, त्याला ‘अनोळखी फाइल उघडू नका’ हा उपदेश करणे व्यर्थ होय. त्याच संगणकात शेकडो लोकांच्या आधार कार्डांच्या व पासबुकांच्या प्रती पडून असतात, सरकारी संकेतस्थळांचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेले असतात, आणि कित्येकदा डिजिटल सहीची डोंगलही दिवसभर तशीच लावलेली असते.

अशा परिचालक बंधूंनी काही नियम स्वतःस लावून घेतले, तर धोका पुष्कळच उतरेल. फाइल उघडण्यापूर्वी गिऱ्हाइकास तीन प्रश्न विचारावे: कोणत्या नावाने पाठवली, कशाची फाइल आहे, आणि किती वेळापूर्वी पाठवली. उत्तर व ई-मेल जुळले तरच पुढे जावे. यास अर्धे मिनिटही लागत नाही. फाइल उतरवून न घेता जीमेलच्याच खिडकीत तिचे दर्शन घ्यावे आणि तेथूनच छापावी, म्हणजे ती आपल्या संगणकावर न चालता गूगलच्या सर्व्हरवर उघडते. पीडीएफ आणि छायाचित्र यांखेरीज अन्य प्रकारची फाइल सहसा स्वीकारू नये. छपाईचा संगणक आणि दाखल्यांचा, पैशांच्या व्यवहाराचा संगणक हे दोन वेगळे ठेवता आले तर सर्वोत्तम. जुना, मंद संगणकही छपाईस पुरतो, मात्र तो दुसऱ्या संगणकाशी नेटवर्कने जोडलेला नसावा आणि त्यावर एकही पासवर्ड साठवलेला नसावा. डिजिटल सहीची डोंगल काम संपताच काढून कुलपात ठेवावी.

व्यापारी मंडळींस वेगळी सावधगिरी सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे येणारा विषाणू पुष्कळदा काहीच बिघडवत नाही. ‘पर्चेस ऑर्डर’ किंवा ‘कोटेशन’ या नावाने तो येतो, गुपचूप बसतो, आणि ब्राउझरमधले व ई-मेलचे पासवर्ड चोरून आपल्याला सोडणाऱ्या चोराकडे पाठवतो. २०१४ पासून माहीत असलेला ‘एजंट टेस्ला’ हा याच जातीचा. मग चोर आठवडेच्या आठवडे आपली पत्रे वाचतो, कोणाला किती गाठी पाठवल्या, पैसे कधी यावयाचे, याची नोंद ठेवतो, आणि नेमक्या दिवशी आपल्याच ई-मेलवरून गिऱ्हाइकास कळवतो की आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. बिल खरे, पत्ता खरा, फक्त खाते क्रमांक चोराचा. म्हणून खाते बदलल्याचे कोणतेही पत्र, ते कितीही जुन्या व्यापाऱ्याकडून आलेले असो, फोनवर खातरजमा केल्याशिवाय मान्य करू नये. आणि तो फोन पत्रातील क्रमांकावर न करता आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर करावा. शिवाय ई-मेलला पासवर्डाबरोबर मोबाइलवर येणारी दुसरी खूणही लावून घ्यावी, म्हणजे नुसता पासवर्ड चोरीस गेला तरी दार एकदम उघडत नाही.

ओळखीच्या नावाचा गैरवापर कोठवर जाऊ शकतो, हे ‘इमोटेट’ या विषाणूने दाखवून दिले. तो एका संगणकात शिरला की तेथील जुना पत्रव्यवहार चोरी, आणि त्याच चालू पत्रव्यवहाराचे उत्तर म्हणून, खालचा जुना मजकूर जसाच्या तसा ठेवून, समोरच्यास विषारी जोडपत्र पाठवी. कधी ते जोडपत्र पासवर्ड लावलेल्या झिप फाइलमध्ये असे आणि पासवर्ड त्याच पत्रात लिहिलेला असे; वाचणाऱ्यास ही दक्षता वाटे, पण हेतू एवढाच, की विषाणूरोधक कार्यक्रमास आतील माल तपासता येऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे जाळे उद्ध्वस्त केले, तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो परत आला. ज्या पत्रात कुलूप आणि किल्ली एकत्र आली आहे, त्या पत्राविषयी संशय घ्यावा.

पत्ता वाचण्याची रीतही नीट समजून घेतली पाहिजे, आणि ती धामणगावकरांना इतरांपेक्षा लवकर कळावी. याच अमरावती जिल्ह्यात धामणगाव गढी हेही गाव आहे. पत्त्यावर पुढचा ‘रेल्वे’ हा शब्द राहिला तर टपाल कोठच्या कोठे जाईल, हे आपल्यास ठाऊक आहे. ई-मेलच्या व संकेतस्थळाच्या पत्त्यातही निर्णय अखेरच्या शब्दांनी होतो. सुरुवातीस बँकेचे, आयकर खात्याचे किंवा वीज कंपनीचे नाव कितीही ठळक असले, तरी मालक कोण हे संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी, आणि ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हानंतर, सर्वांत शेवटी काय आहे त्यावरून ठरते. सरकारी पत्त्यांचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ वा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. आणि रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना त्यांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्याचा आदेश दिला, ही सामान्य खातेदाराच्या दृष्टीने फार उपयुक्त व्यवस्था झाली आहे. दिसणारे नाव मात्र पुरावा धरू नये. ते पाठवणारा स्वतःच लिहीत असतो.

सरकारी नोटिशीच्या धाकाचा उल्लेख येथेच केला पाहिजे. वऱ्हाडातील मनुष्य कोर्टकचेरीच्या कागदाला मान देतो, आणि ‘आपणावर कारवाई का करू नये’ असे शब्द दिसताच त्याचा धीर सुटतो. विषाणू पाठवणाऱ्यांस हेच हवे असते. आयकर विवरणाच्या दिवसांत अशी बनावट पत्रे हटकून येतात. त्यावर उपाय सरकारनेच करून ठेवला आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक असणे आवश्यक आहे, आणि खात्याच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून नोटीस खरी की खोटी हे कोणासही पाहता येते. ई-मेलमधील दुव्यावर न जाता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून तेथे जावे. खरी नोटीस तेथे असणारच. आणि नसेल, तर त्या ई-मेलला उत्तर देण्याचीही तसदी घेऊ नये.

विषाणूरोधक कार्यक्रम घ्यावा काय, असे पुष्कळ जण विचारतात. अवश्य घ्यावा. या क्षेत्रात मराठी माणसाने मोठे काम केले आहे, याचा येथे आनंदाने निर्देश करावासा वाटतो: पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात, फ्लॉपीतून येणाऱ्या विषाणूंच्या त्या काळात, ‘क्विक हील’ उभे केले. विंडोजमध्येही ‘डिफेंडर’ हा विनामूल्य संरक्षक असतोच. मात्र कोणताही असा कार्यक्रम माहीत असलेल्या विषाणूस लवकर ओळखतो आणि नव्यास उशिरा, ही त्याची मर्यादा ध्यानात असावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट मूळ प्रणाली अद्ययावत ठेवण्याची आहे. विंडोज १० ची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्याची सोय केली. परंतु फुकट मिळालेल्या, कुलूप तोडलेल्या जुन्या ऑफिसच्या प्रतींना ही सोय लाभत नाही, आणि ते कुलूप तोडणारा कार्यक्रमच पुष्कळदा विषाणू घेऊन येतो. फाइल उघडल्यावर वरच्या पिवळ्या पट्टीवर मॅक्रो चालू करणारे ‘इनेबल कंटेंट’ असे बटण दिसले, तर ते दाबू नये. ज्याला कागद दाखवायचा आहे, तो पीडीएफ पाठवील.

आता सर्वांत कंटाळवाणी वाटणारी, पण मी जिच्यावर सर्वांत अधिक भर देईन, ती गोष्ट: प्रत काढून ठेवणे. लॉकीने कुलूपबंद केलेल्या फाइली किल्लीवाचून उघडणे शक्य झाले नाही. ज्याच्याकडे प्रत होती, त्याने संगणक पुसून काम पुन्हा सुरू केले. ज्याच्याकडे नव्हती, त्याच्यापुढे खंडणी किंवा नुकसान एवढेच दोन मार्ग उरले, आणि खंडणी भरूनही किल्ली मिळेल याची कोणी हमी देत नाही. हिशेबाच्या कार्यक्रमाची व महत्त्वाच्या दस्तऐवजांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आठवड्यातून एकदा, आणि हंगामात रोज, घ्यावी. आणि घेऊन होताच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर विषाणू तीही कुलूपबंद करतो, हे न जाणल्याने प्रत असूनही नसल्यासारखी होते. एक प्रत दुकानाबाहेर, घरी असावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल खरोखर उघडून पाहावी.

हाच कावा आता ई-मेल सोडून व्हॉट्सॲपवरही चालतो. वाहनाच्या चलानाच्या किंवा पीएम-किसानच्या नावाने येणारी ‘एपीके’ फाइल ही मोबाइलवर चालणारा कार्यक्रम असते. ती बसवली की बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. सरकारी योजनेचे ॲप प्ले स्टोअरवरून घ्यावे, कोणी पाठवलेले घेऊ नये, मग तो गावातल्या गटातला परिचित का असेना.

इतके करूनही बाधा झालीच, तर घाबरून संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू करू नये. प्रथम नेटवर्कची तार काढावी किंवा वायफाय बंद करावे, जोडलेली डिस्क व पेन ड्राइव्ह सोडवावी, आणि पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. मग दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ई-मेल व बँकेचे पासवर्ड बदलावे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. लवकर कळवल्यास रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता असते. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात द्यावी. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून संगणक निर्विष करण्याची साधने विनामूल्य ठेवली आहेत. संगणकात विषाणू सोडणे हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ प्रमाणे अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. मनिलाच्या त्या प्रेमपत्राचा कर्ता, त्या वेळी त्याच्या देशात असा कायदाच नसल्यामुळे, खटल्यावाचून सुटला होता.

शेवटी एक विनंती. आपल्या संगणकास बाधा झाली हे सांगण्यास दुकानदार, परिचालक, कारकून संकोचतात. गिऱ्हाईक तुटेल, साहेब रागावतील, अशी त्यांना धास्ती असते. परंतु जो विषाणू आपल्याकडे आला, तो आता आपल्याच नावाने आपल्या पत्तेवहीतील लोकांकडे निघालेला असण्याचा संभव आहे, आणि आपले नाव पाहूनच ते ती फाइल उघडणार आहेत. म्हणून त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, ज्यांच्याशी आपला ई-मेलने व्यवहार आहे त्या प्रत्येकास फोन करून सांगा, की आज माझ्याकडून आलेले कोणतेही जोडपत्र उघडू नका.